जुन्या रिसीव्हरला निरोप केव्हा द्यावा

१७ डिसेंबर २००० या दिवशी सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिण टोकाला, खाडीच्या अगदी काठावर असलेल्या आणि कँडलस्टिक या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मैदानावर जो प्रेक्षकसमुदाय लोटला होता, तो वस्तुतः एका माणसाचा निरोपसमारंभ पाहण्यासाठी आला होता. जेरी राइस हा अमेरिकन फुटबॉलच्या इतिहासातील सर्वश्रेष्ठ रिसीव्हर सोळा वर्षे फॉर्टीनाइनर्स या एकाच संघाच्या चाकरीत होता. त्याने वयाची अडतीस वर्षे पूर्ण केली होती, आणि त्या संघाकडून घरच्या मैदानावर खेळण्याचा हा त्याचा अखेरचा दिवस, हे सर्वांनी मनोमन ओळखले होते. समारंभाचा नायक असा आधीच ठरलेला असताना खेळाने मात्र निराळ्याच माणसाची निवड केली. शिकागोच्या संघाविरुद्ध राइसने सात चेंडू झेलून ७६ यार्ड मिळवले, आणि त्याचा जोडीदार टेरेल ओवेन्स, जो वयाने त्याच्याहून अकरा वर्षांनी लहान होता, त्याने वीस चेंडू झेलून २८३ यार्ड मिळवले. एका सामन्यात अठरा चेंडू झेलण्याचा टॉम फिअर्सचा १९५० सालचा विक्रम पन्नास वर्षे अबाधित राहिला होता. तो त्या दुपारी, ज्याच्या सत्कारासाठी लोक जमले होते त्याच्या डोळ्यांदेखत, मोडला गेला.

वयस्क आणि कीर्तिमान रिसीव्हरच्या जागी दुसरा माणूस नेमावा तो नेमका केव्हा, हा अमेरिकन फुटबॉलच्या कारभारातील अत्यंत बिकट प्रश्न या एका प्रसंगात जवळजवळ संपूर्णपणे सामावलेला आहे. प्रेक्षकाला हा प्रश्न केवळ अंगातील सामर्थ्याचा वाटतो. जुना गडी अजून धावतो की नाही आणि झेलतो की नाही, एवढे पाहिले की निकाल लागला, अशी त्याची समजूत असते. संघाच्या चालकाला तसे समजून चालत नाही, कारण त्याला एका माणसाच्या अंगातली शिल्लक मोजायची नसून एका जागेचा ताळेबंद मांडायचा असतो, आणि त्या ताळेबंदात पैसा, सामन्यातील चेंडूंचा वाटा, दुसऱ्या कोणाची उमेदवारी आणि पुढील तीन वर्षांची तजवीज ही सर्व खाती एकमेकांत गुंतलेली असतात.

ज्या वाचकांच्या परिचयाचा फुटबॉल पायांनी खेळला जातो, त्यांच्यासाठी येथे थोडा खुलासा करणे आवश्यक आहे. अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू हातांनी फेकतात, झेलतात आणि छातीशी धरून पळवतात; दोन्ही बाजूंना अकरा-अकरा गडी असतात, आणि चेंडू ज्या पक्षाकडे असतो त्याला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकावे लागते. ते साधले तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात, न साधले तर चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. चेंडू फेकणारा तो क्वार्टरबॅक, आणि बचावपटूंना चुकवीत धावून तो झेलणारा तो रिसीव्हर. रिसीव्हर मोकळा झाला हे पाहून मग क्वार्टरबॅक चेंडू फेकत असावा, असे पाहणाऱ्याला वाटते. प्रत्यक्षात पुष्कळदा रिसीव्हर वळण्यापूर्वीच चेंडू हातातून सुटलेला असतो. बारा यार्ड सरळ धावायचे, बाहेरचा पाय रोवायचा आणि एकदम आत वळायचे, असा मार्ग आधी ठरलेला असतो. आणि प्रतिपक्षाचे धिप्पाड गडी अंगावर येण्यापूर्वी जे दोन-तीन सेकंद हाती असतात, तेवढ्यात क्वार्टरबॅक हा रिसीव्हर जेथे आहे तेथे नव्हे, तर जेथे असायला हवा तेथे चेंडू पाठवतो. फॉर्टीनाइनर्सचा विख्यात प्रशिक्षक बिल वॉल्श याने तर क्वार्टरबॅकने मागे घेतलेली पावले आणि रिसीव्हरने पुढे टाकलेली पावले यांची अशी सांगड घातली होती, की एकाचे पाऊल चुकले तर दुसऱ्याचा चेंडू वाया गेलाच म्हणून समजावे.

आता या व्यवसायात वार्धक्य कोणत्या वाटेने प्रवेश करते ते पाहण्यासारखे आहे. सरळ रेषेतील धावेचा वेग आधी जातो, असा सार्वत्रिक समज आहे. परंतु राइस तर ऐन तारुण्यातही घड्याळावर फार वेगवान ठरला नव्हता, आणि तरीही त्याने सर्व वेगवानांना मागे टाकले. वय पहिला घाव घालते तो थांबण्याच्या आणि पुन्हा उसळण्याच्या शक्तीवर. पूर्ण वेगात असताना दोन पावलांत शरीर आवरणे, मांडीच्या मागच्या स्नायूवर सगळा भार घेऊन दिशा बदलणे आणि लगेच पुन्हा वेग पकडणे, या क्रियेत जेथे पूर्वी दोन पावले पुरत, तेथे आता तीन लागू लागतात; आणि त्या एका जादा पावलात बचावपटू अंगाशी येऊन भिडतो. प्रारंभरेषेपासून पाच यार्डांच्या आत बचावपटूला रिसीव्हरला हातांनी अडवण्याची मुभा नियमाने दिलेली असते, आणि ती अडवणूक झुगारून निसटण्याचे बळही त्याच सुमारास उणावते. तिसरी गोष्ट म्हणजे दुखणी पूर्वी होत नव्हती असे नाही, पण तेव्हा आठवड्यात बरे होणारे दुखणे आता महिना घेऊ लागते.

याउलट पुष्कळ काही शाबूत राहते, आणि कित्येकदा वाढतेही. हात तसेच राहतात. बचावाची मांडणी पाहून ती कोणत्या क्षणी कशी पालटणार हे ओळखण्याची दृष्टी अधिक तीक्ष्ण होते. क्वार्टरबॅक संकटात सापडला म्हणजे त्याला कोठे दिसावे, याचे ज्ञान पक्के होते. मामलेदार कचेरीतला जुना अव्वल कारकून जिने चढताना धापा टाकीत असला, तरी कोणता कागद कोणत्या रुमालात बांधलेला आहे हे त्याच्यावाचून कोणास ठाऊक नसते, आणि म्हणून साहेब त्याला सहजासहजी सोडीत नाही. जुन्या रिसीव्हरविषयी क्वार्टरबॅकची भावना नेमकी हीच असते. परंतु अशा माणसावर विसंबण्यात एक धोका लपलेला असतो: संकटात चेंडू नेहमी त्याच्याकडेच जातो, म्हणून झेललेल्या चेंडूंची संख्या फुगत राहते, आणि त्या संख्येआड ऱ्हास झाकला जातो.

तेव्हा झेलांच्या संख्येपेक्षा दर झेलामागे मिळालेले यार्ड पाहावेत, असा सल्ला जाणकार देतात. आणि तो बव्हंशी योग्यही आहे. १९९५ मध्ये राइसने १२२ झेलांत १,८४८ यार्ड मिळवले, म्हणजे दर झेलास पंधरा यार्डांहून किंचित अधिक. २००० मध्ये ७५ झेलांत ८०५ यार्ड, म्हणजे दर झेलास पावणेअकरांच्या आसपास. कागदावर याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा? पण पुढच्याच वर्षी, खाडीच्या पलीकडच्या तीरावर ऑकलंडच्या रेडर्स संघात गेल्यावर, याच माणसाने ८३ झेलांत १,१३९ यार्ड मिळवले. दर झेलाचे प्रमाण पुन्हा पावणेचौदांच्या जवळ गेले. एका उन्हाळ्यात गुडघे तरुण होत नाहीत. पालटली होती ती भोवतालची व्यवस्था: रिच गॅननसारखा कसलेला क्वार्टरबॅक लाभला, दुसऱ्या बाजूला टिम ब्राउनसारखा तोलामोलाचा सोबती मिळाला, आणि निराळी योजना व निराळे मार्ग वाट्याला आले. क्रिकेटमधील फलंदाजाच्या धावा ज्या अर्थाने त्याच्या एकट्याच्या असतात, त्या अर्थाने रिसीव्हरचे यार्ड त्याचे एकट्याचे कधीच नसतात. त्यात फेकणाऱ्याचा, शेजाऱ्याचा आणि योजकाचा हिस्सा असतो. म्हणून वय ठरवण्यासाठी आकडा हा साक्षीदार म्हणून बोलवावा, न्यायाधीश म्हणून बसवू नये.

दुखापतीच्या बाबतीतही हाच विवेक हवा. १९९७ च्या पहिल्याच सामन्यात टँपा येथे राइसच्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला, डिसेंबरमध्ये घाईने परतल्यावर पहिल्याच सामन्यात त्याच गुडघ्याच्या वाटीला तडा गेला, आणि पस्तिशी गाठलेल्या माणसाचे आता संपले, असे अनेकांनी मनाशी धरले. त्याने १९९८ मध्ये ८२ झेल आणि १,१५७ यार्ड अशी नोंद केली. तुटलेला गुडघा हा अपघात असतो आणि हळूहळू वाढणारे तिसरे पाऊल हे वय असते. या दोहोंची गल्लत करून घेतलेले निर्णय महाग पडतात.

एवढे सगळे केवळ खेळाचे झाले. आता दप्तर उघडले पाहिजे. १९९४ पासून हे संघ ज्या व्यावसायिक लीगमध्ये खेळतात, तिच्यात प्रत्येक संघाच्या एकूण वेतनखर्चावर मर्यादा आली. पहिल्या वर्षी ती ३ कोटी ४६ लाख डॉलर होती आणि पुढे उत्पन्नाबरोबर वाढत गेली. खेळाडूला करारावर सही करताना जी ठोक रक्कम मिळते, ती त्याच्या हाती तत्काळ पडली तरी हिशेबात मात्र कराराच्या वर्षांवर सारखी विभागून लिहिली जाते. समजा, पाच वर्षांच्या करारापोटी एक कोटी डॉलर दिले, तर वर्षास वीस लाख खर्ची पडतात; पण तीन वर्षांनी त्या खेळाडूस मोकळे केले, तर उरलेले चाळीस लाख एकदम अंगावर येतात, आणि मैदानावर नसलेल्या माणसाच्या नावे मर्यादेचा तेवढा भाग गोठून जातो. १ जूननंतर मोकळे केल्यास ही बाकी दोन वर्षांत फेडण्याची सवलत मिळते, आणि म्हणूनच त्या काळात कितीएक नामांकित खेळाडूंना जून महिन्यात घरी जावे लागे. फॉर्टीनाइनर्सनी नव्वदीच्या दशकात अजिंक्यपदासाठी खर्च असाच पुढे पुढे ढकलला होता. तो फेडण्याची वेळ आली तेव्हा संघाची दशा १९९९ मध्ये चार विजय व बारा पराभव आणि २००० मध्ये सहा विजय व दहा पराभव अशी झालेली होती. अशा संघात अडतीस वर्षांच्या माणसाला थोराचे वेतन देणे म्हणजे बचावातील दोन तरुणांची जागा रिकामी ठेवणे होय. जून २००१ मध्ये राइसला मोकळे करण्यात आले, त्यामागे हे गणित होते.

परंतु निरोपाचे गणित सुटण्यासाठी वारसाचे गणित फार आधी मांडलेले असावे लागते, आणि या बाबतीत फॉर्टीनाइनर्सचेच उदाहरण सर्वांत बोधप्रद आहे. १९८४ च्या हंगामात पंधरा विजय व एक पराभव अशी कामगिरी करून हा संघ अजिंक्य ठरला होता. रिसीव्हरची उणीव भासावी अशी कोणतीही परिस्थिती नव्हती. तरीही १९८५ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे महाविद्यालयीन खेळाडूंच्या वार्षिक वाटपात, वॉल्शने आपला अठ्ठाविसावा क्रमांक आणि वर आणखी मोल देऊन न्यू इंग्लंडकडून सोळावा क्रमांक मिळवला, आणि मिसिसिपीतील एका लहान महाविद्यालयाचा, गवंड्याचा मुलगा असलेला जेरी राइस उचलला. फ्रेडी सॉलोमन हा तेव्हाचा अनुभवी रिसीव्हर तिशी ओलांडून गेला होता, पण संपलेला नव्हता. पहिल्या वर्षी राइसच्या हातून अनेक सोपे चेंडू सुटले. तरी सॉलोमन संघात असल्यामुळे त्या चुकांची किंमत संघाला परवडली, आणि त्या हंगामानंतर सॉलोमनने निवृत्ती पत्करली तेव्हा जागा चालवायला दुसरा माणूस तयार होता.

दहा वर्षांनी याच संघाने हाच शिरस्ता पुन्हा पाळला. जानेवारी १९९५ मध्ये अजिंक्यपद मिळाल्यावर त्यांनी पुन्हा वरचा क्रमांक विकत घेतला आणि दहाव्या क्रमांकावर जे. जे. स्टोक्स याची निवड केली. राइसचा भावी वारस म्हणून त्याचा गाजावाजा झाला. हा युवराज कारकिर्दीत एकाही हंगामात हजार यार्डांपर्यंत पोहोचला नाही. आणि पुढच्याच वर्षी तिसऱ्या फेरीत, एकोणनव्वदाव्या क्रमांकावर, फारशा अपेक्षेवाचून घेतलेला ओवेन्स मात्र गादीचा धनी झाला. यातून निघणारे तात्पर्य असे, की वारस नेमता येत नाही, उमेदवार तेवढे गोळा करता येतात. आणि उमेदवारांपैकी कोण टिकतो हे कळायला तीन-चार वर्षे लागत असल्यामुळे, शोधाचा आरंभ जुन्या माणसाच्या भरभराटीच्या काळातच व्हावा लागतो. इंडियानापोलिसच्या कोल्ट्स संघाने २००१ मध्ये रेजी वेन याला पहिल्या फेरीत घेतले, तेव्हा मार्विन हॅरिसन अवघा अठ्ठावीस वर्षांचा आणि ऐन वैभवात होता. लोकांना ती निवड अनाठायी वाटण्यासारखी होती. २००७ मध्ये हॅरिसन जखमी होऊन बहुतेक हंगाम बाहेर बसला, त्याच वर्षी वेनने १,५१० यार्ड मिळवून लीगमध्ये पहिला क्रमांक पटकावला, आणि २००९ मध्ये हॅरिसनला मोकळे करताना संघाचा गाडा कोठेही अडला नाही.

निरोप आणि पूर्ववत् तैनाती या दोहोंमध्ये एक तिसरा मार्गही आहे, तो म्हणजे हुद्दा बदलून देणे. ॲरिझोनाच्या कार्डिनल्स संघाने लॅरी फिट्झजेराल्ड याच्या बाबतीत तो यशस्वी करून दाखवला. कडेला उभा राहून लांब पल्ल्याचे चेंडू झेलणारा हा उंचापुरा माणूस तिशीकडे झुकला, तेव्हा प्रशिक्षक ब्रूस एरियन्स याने त्याला आतल्या बाजूला, स्लॉट नावाच्या जागी, आणले. तेथे वेगापेक्षा मोक्याची जाण आणि अंगावर धक्के सोसण्याची तयारी अधिक कामाला येते. त्याने २०१५ मध्ये १०९, २०१६ मध्ये १०७ आणि २०१७ मध्ये पुन्हा १०९ चेंडू झेलले, आणि सतरा वर्षांची सारी कारकीर्द एकाच संघात पुरी केली. मात्र हा मार्ग खेळाडूच्या संमतीवाचून चालत नाही. ह्यूस्टनच्या टेक्सन्स संघात आंद्रे जॉन्सनने २०१४ मध्ये ९३६ यार्ड मिळवले होते. पुढच्या हंगामात तुझा वाटा कमी राहील असे त्याला सांगण्यात आले, तेव्हा ते त्याने मानले नाही आणि मार्च २०१५ मध्ये तो मोकळा झाला. कोल्ट्समध्ये जाऊन त्याने त्या हंगामात ५०३ यार्ड मिळवले. आणि ज्याच्यासाठी ह्यूस्टनमध्ये जागा झाली त्या डीआंद्रे हॉपकिन्सने त्याच वर्षी १,५२१.

या सर्व उदाहरणांवरून मला जो निष्कर्ष काढावासा वाटतो, तो असा, की योग्य वेळ ही जुन्या माणसाच्या ऱ्हासाने ठरत नाही, तर नव्या माणसाच्या अडलेल्या वाढीने ठरते. एका सामन्यात फेकले जाणारे चेंडू तीस-चाळीस असतात, आणि त्यांचे वाटप हे शून्य बेरजेचे असते. थोरल्याकडे गेलेला प्रत्येक चेंडू धाकट्याकडून आलेला असतो. दोघांना सारखाच चेंडू दिला तर धाकटा अधिक करून दाखवील, असे ज्या दिवशी चालकांच्या लक्षात येते, आणि तरीही मानमर्यादेपायी क्वार्टरबॅकची नजर आधी थोरल्याकडे जाते, त्या दिवशी मुदत भरली असे समजावे. बेसबॉलमधला गाजलेला व्यवस्थापक ब्रँच रिकी याच्या नावावर असे एक सूत्र सांगितले जाते, की खेळाडू एक वर्ष उशिरा सोडण्यापेक्षा एक वर्ष आधी सोडलेला बरा. त्या सूत्रात निष्ठुरता आहे, पण त्यातून एक उपसिद्धान्त निघतो, तो मोलाचा आहे: योग्य वेळी दिलेला निरोप हा नेहमी कृतघ्नपणाचा दिसणारच, कारण निरोप घेणाऱ्याच्या अंगात तेव्हा खेळ शिल्लक असतो. ज्या निरोपाबद्दल कोणालाही हळहळ वाटत नाही, तो उशिरा दिलेला असतो.

या कसोटीला २००१ चा निर्णय लावून पाहा. राइस ऑकलंडमध्ये पुन्हा बहरला. २००२ मध्ये चाळिशीत पाऊल टाकताना त्याने ९२ झेल आणि १,२११ यार्ड मिळवले आणि जानेवारी २००३ च्या सुपर बोल या अजिंक्यपदाच्या सामन्यात टचडाउनही केला, म्हणजे चेंडू थेट प्रतिपक्षाच्या गोलरेषेपार नेला. तेवढ्यावरून फॉर्टीनाइनर्सना मूर्ख ठरवणारे लोक दुसरी बाजू विसरतात, की त्यांनी २००१ मध्येच बारा सामने जिंकले आणि ओवेन्सने एकट्याने सोळा टचडाउन केले. खेळाडू संपला नव्हता हेही खरे आणि संघाचा निर्णय चुकला नव्हता हेही खरे. ही दोन विधाने परस्परविरोधी वाटतात ती केवळ आपण दोन निरनिराळ्या प्रश्नांना एकच उत्तर मागतो म्हणून.

उशिराचे रूप पाहायचे असेल, तर पुढची दोन वर्षे पाहावीत. सप्टेंबर २००४ मध्ये ऑकलंडच्या मैदानावर बफेलोविरुद्ध राइसच्या वाट्याला एकही झेल आला नाही, आणि सलग २७४ सामन्यांत किमान एक चेंडू झेलण्याची त्याची परंपरा खंडित झाली. ऑक्टोबरमध्ये त्याची रवानगी सिॲटलला झाली. तेथे डिसेंबरमध्ये डॅलसविरुद्ध एका रात्री त्याने १४५ यार्ड मिळवून दाखवले, आणि जुने दिवस परतले अशी आवई उठली. पण एखादी तेजस्वी रात्र ही अशा बाबतीत सर्वांत फसवी साक्ष असते, कारण वय माणसाची उत्तम कामगिरी हिरावून घेत नाही, ती दर आठवड्याला करण्याची ताकद हिरावून घेते. २००५ च्या उन्हाळ्यात डेन्व्हरच्या सरावशिबिरात त्याने आणखी एक प्रयत्न केला, आणि पहिल्या फळीत स्थान नाही असे दिसल्यावर हंगामाच्या तोंडावर निवृत्ती जाहीर केली. १,५४९ झेल आणि २२,८९५ यार्ड एवढी मिळकत नावावर असलेल्या माणसाला शेवटी राखीव जागेसाठी उमेदवारी करावी लागली.

राहता राहिला ऋणाचा प्रश्न. ज्याने तीन अजिंक्यपदे मिळवून दिली त्याला केवळ हिशेबापोटी घालवावे काय, अशी तक्रार सामान्य चाहता करतो, आणि ती क्षुल्लक नाही. मात्र ऋण फेडण्याचे खाते निराळे आणि संघातील जागांचे खाते निराळे, हे ध्यानात ठेवले पाहिजे. ऑगस्ट २००६ मध्ये फॉर्टीनाइनर्सनी राइसशी नाममात्र करार केला, एवढ्यासाठीच की त्याला त्यांच्या संघाचा खेळाडू म्हणून निवृत्त होता यावे. कागदावरची रक्कम होती १९,८५,८०६ डॉलर आणि ४९ सेंट, ज्यात त्याच्या आगमनाचे वर्ष १९८५, पाठीवरचा क्रमांक ८०, निवृत्तीचे वर्ष २००६ आणि संघाच्या नावातले ४९ असे सर्व गुंफलेले होते. प्रत्यक्षात एक छदामही दिला गेला नाही, वेतनमर्यादेवर भार पडला नाही, आणि कोणा तरुणाची जागाही अडली नाही. मान द्यायचा तो असा मनमुराद द्यावा. चेंडू मात्र ज्याच्या हाती तो अधिक कामाला येईल, त्याच्याकडेच फेकावा.